आधी तुझी प्यायची वेळ सांग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे एए या संघटनेच्या पाच-सहा मीटिंगांची यादी काढून यांतली चांगली कोणती, असं विचारलं आहेस. त्याआधी मला सांग, तुझी प्यायची वेळ कोणती? काम सुटल्यावर सातच्या सुमाराला पाय आपोआप तिकडे वळत असतील, तर सातची मीटिंग तुझी. रविवार सकाळचा ग्रुप कितीही नावाजलेला असू दे, रविवारी सकाळी तू तसाही पीत नाहीस. तलफ चढते तशी ओसरतेही. ती ओसरेपर्यंत तू चार माणसांत खुर्चीवर बसलेला असलास की झालं.

आधी वेळ बघ, मग अंतर, ग्रुपची ख्याती सगळ्यात शेवटी. दोन गाड्या बदलून जायची मीटिंग पहिल्या आठवड्यात उत्साहाने होते; पुढे पावसाची एक सर निमित्ताला पुरते. जवळच्या मीटिंगला ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती तू लिहिली नाहीस, तरी ती दिसते. भेटलाच कुणी, तर तोही तिथे वाट चुकून आलेला नसेल.

पण या सगळ्याच्या आधी डॉक्टर. रोजची आणि बऱ्याच वर्षांची सवय असेल तर एका रात्रीत बंद करून जिद्द दाखवायला जाऊ नकोस. हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथून सुरुवात होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, काहींना त्यानंतर भास होऊ लागतात आणि ते जिवावर बेतू शकतं. गोळ्या घेऊन हे सुखरूप पार पडतं. पुढे मीटिंगमध्ये कुणी 'आता गोळ्या कशाला?' म्हणाला, तर ऐकून घे आणि गोळ्या चालू ठेव. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं एए स्वतःच सांगते.

यादीत 'ओपन' लिहिलं असेल तिथे भावाला सोबत नेता येईल. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. यादी जुनी असू शकते, म्हणून आधी फोन कर. कुलूप लावलेल्या दारापाशी सात वाजता उभं राहणं तुला परवडणारं नाही.

फोन करायची लाज वाटते म्हणतोस, तर ऐक. एए सुरूच फोनवरून झाली. मे १९३५ मध्ये नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये धंद्याच्या कामाला गेला होता. काम फसलं, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या लॉबीत बारमधला गलका ऐकू येत होता. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले, का तर बोलायला आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा. त्यातून डॉ. बॉब स्मिथशी गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही असं ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत राहिले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. एएचा जन्मदिवस तोच धरतात.

आत काय होतं, तर फारसं काही नाही. कुणीतरी छापील मजकूर वाचतो. मग एकेक जण फक्त पहिलं नाव सांगून 'मी अल्कोहोलिक' म्हणतो आणि शेअरिंग करतो, म्हणजे आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुझी पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हण; पुढचा बोलू लागेल. वर्गणीचा डबा फिरेल, तो नुसता पुढे सरकवलास तरी चालतं. फी नसते. सोडायची इच्छा ही एकच अट. त्या दिवशी प्यालेला असलास तरी जा, गप्प बस, फक्त गाडी चालवू नकोस.

देवाचं नाव ऐकून बिचकशील, हे मला माहीत आहे. दारू सोडण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वर आहे, पण 'आपल्याला उमगेल तसा'. तेवढंही पचत नसेल तर दारू सोडणाऱ्यांचे दुसरे गट आहेत: स्मार्ट रिकव्हरी आहे, लाइफरिंग आहे. तिथे देवाचा विषय निघत नाही. कुणी याला नुसतं भजनी मंडळ म्हणालं तर सांग, २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास तपासले. माणसाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले.

एका मीटिंगवरून मत बनवू नकोस. एखाद्या दिवशी एकच गृहस्थ अर्धा तास खातो आणि बाकीचे घड्याळ बघतात. असे सगळीकडे असतात. एकाच ग्रुपला पाच-सहा वेळा जा, मग ठरव. मात्र कुणी उसने पैसे मागितले, सलगी करू लागलं किंवा 'फक्त माझंच ऐक' म्हणालं, तर त्या माणसापासून लांब राहा. स्पॉन्सर, म्हणजे तुला वाट दाखवणारा जुना सदस्य, घाईने निवडू नकोस.

मीटिंग संपली की लगेच सटकू नकोस. खुर्च्या उचलायला हात लाव. खरी ओळख त्या दहा मिनिटांत होते, नंबरही तेव्हाच मिळतात. दोन-तीन नंबर घे आणि त्यांतल्या एकाला त्याच रात्री फोन कर. विषय नसला तर 'नंबर बरोबर उतरवला का बघत होतो' म्हण. पलीकडच्यानेही कधीतरी असाच फोन केलेला असतो, तो काही विचारणार नाही.

तुझा,
काका