अँटिबायोटिक चालू असताना घरचे दही पुरते, की प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्यावीच लागते?

दाढेच्या दुखण्यासाठी आपल्याला पाच दिवसांचे अँटिबायोटिक आणि त्याच्या जोडीला प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहून दिली आहे. रोज वाटीभर दही खाण्यात असताना ती कॅप्सूल आवश्यक आहे का, आणि पुढे कायम घेतल्यास पचन व प्रतिकारशक्ती सुधारेल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, त्या अनुभवावर हे उत्तर लिहीत आहे.

आमच्याकडे पहिल्या वर्षाला दह्याचा एक प्रयोग असे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरून चमचाभर दही आणायचे, त्याचा थेंब काचपट्टीवर पसरून ग्रॅम अभिरंजन करायचे (म्हणजे जिवाणू ओळखता यावेत म्हणून त्यांना रंग द्यायचा) आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळेसारखे गोल जिवाणू सगळ्यांनाच दिसत, पण त्यांचे प्रमाण मात्र घरागणिक वेगळे असे, आणि कुणाचे दही तीन दिवसांचे आंबट असले तर त्यात यीस्टच्या पेशीही सापडत. विरजण शेजारून आणलेले, उन्हाळ्यात वेगळे, थंडीत वेगळे. त्यामुळे आपल्या घरच्या दह्यात नेमके कोण नांदते आहे आणि किती संख्येने, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत: सूक्ष्मजीव जिवंत असले पाहिजेत, पुरेशा मात्रेत दिले गेले पाहिजेत, आणि त्यांच्यामुळे घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ झाला पाहिजे. जाहिराती पहिल्या दोन अटींवर भर देतात. तिसरी अट सर्वांत कठीण आहे, कारण तो लाभ त्या विशिष्ट वाणाने, त्या विशिष्ट तक्रारीत चाचणीत दाखवून द्यावा लागतो. शेतकरी नुसते ‘ज्वारी पेरली’ म्हणून थांबत नाही, मालदांडी की दुसरी कोणती, हे सांगतो. तसेच नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ (दह्यातल्या काडीसारख्या जिवाणूंचे कूळ) म्हणून काही कळत नाही. (त्यातच २०२० मध्ये या कुळाची फोड करून बऱ्याच जातींना नवी नावे देण्यात आली, त्यामुळे वेष्टनांवर सध्या जुनी-नवी नावे सरमिसळ दिसतात.)

हा फरक किती मोठा असतो, याची दोन उदाहरणे देतो. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलसच्या प्लांटारम जातीचा एक निवडक वाण, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, केवळ सात दिवस देण्यात आला. जंतुसंसर्ग रक्तात पसरणे (सेप्सिस) किंवा मृत्यू होणे, यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. याउलट, जुलाब-उलट्यांसाठी जगभर दिला जाणारा ऱ्हॅम्नोसस या दुसऱ्या जातीचा प्रसिद्ध वाण अमेरिकेत ९७१ मुलांवर तपासला गेला, तेव्हा २०१८ मध्ये हाती आलेला निष्कर्ष असा होता की, तो दिला काय आणि न दिला काय, आजारात फरक पडला नाही. दोन्ही प्रोबायोटिकच.

आता आपल्या कॅप्सूलकडे येतो. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर मोठ्या आतड्यातील निरुपद्रवी वस्तीही झोडपते आणि काहींना त्यामुळे जुलाब होतात. ते टाळण्यासाठी प्रोबायोटिकचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये मुलांवरील ३३ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा जुलाबांचे प्रमाण १९ टक्क्यांऐवजी ८ टक्के आढळले. पण जुलाब टळणे आणि मूळ वस्ती पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर ज्यांना काहीच दिले नाही, त्यांचे जिवाणू सुमारे तीन आठवड्यांत बरेचसे परतले, तर अनेक वाणांचे मिश्रण घेणाऱ्यांचे कित्येक महिने परतले नव्हते. सहभागी अवघे २१ होते, म्हणून यावरून घाईने सिद्धान्त मांडू नये. तरीही ‘घेतले तर बरेच, तोटा काय’ हे म्हणणे मला त्यानंतर पटेनासे झाले.

म्हणून डॉक्टरांनी दिली आहे तेवढे दिवस कॅप्सूल घ्यावी, ती कायमची करू नये, असे माझे मत आहे. बाहेरून आलेले हे जिवाणू आतड्यात सहसा घर करत नाहीत. घेणे थांबवले की थोड्याच दिवसांत नाहीसे होतात. बल्गेरियन शेतकऱ्यांचे दीर्घायुष्य दह्यामुळे आहे, असे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते, पण त्यांच्या आवडीचा तो जिवाणूही माणसाच्या आतड्यात टिकत नाही, हे पुढे दिसून आले. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती कॅप्सूलने ‘वाढते’ या दाव्यावर मी पैसे खर्च करणार नाही. आतड्यात आधीच राहणाऱ्यांना खायला घालणे अधिक शहाणपणाचे आहे: ज्वारीची भाकरी, उसळी, कांदा, लसूण यांतील तंतू आपल्याला पचत नाहीत, ते जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे आम्ल तयार होते, ज्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः जगतात.

दही मात्र सोडू नका. त्यातील जिवाणू दुधातील शर्करा पचवण्यास मदत करतात, म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्यांना दही बहुधा सोसते. कढीत ते जिवंत राहत नाहीत, इडली-आंबोळीतही नाहीत. आंबवल्याने पदार्थ हलका होतो हा लाभ तेवढा उरतो. ताजे ताक त्या मानाने उत्तम.

कॅप्सूल जिवाणूंची असेल तर ती आणि अँटिबायोटिक यांत दोन तासांचे अंतर ठेवा. बोलार्डी हे यीस्ट असेल तर अँटिबायोटिकने ते मरत नाही. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल, तर आपली उरलेली कॅप्सूल त्यांना परस्पर देऊ नका. अशा रुग्णांच्या रक्तात हेच जिवाणू किंवा यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. आणि अँटिबायोटिकच्या पाकिटावर डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असे नाव असेल, तर दह्याची वाटी त्या गोळीसोबत घेऊ नका, कारण दह्यातील कॅल्शियममुळे ते औषध नीट शोषले जात नाही. गोळीनंतर दोन तासांनी खाल्ले तर चालेल.