कुंडीतल्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय, खालची पानं पिवळी होताहेत. अंड्याची टरफलं घालूनही फरक का नाही?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत. मुंबईत गॅलरीत कुंड्या, त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं गांडूळखत, वरून टरफलांचा चुरा, आणि दर आठवड्याला केळीच्या सालींचं पाणी. रासायनिक खत घालायचं नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंय. मला वाटतं, दुखणं याच चार गोष्टींत आहे.

आधी केळीच्या सालींचं पाणी बंद करा. त्यातून झाडाला मुख्यतः पालाश, म्हणजे पोटॅशियम, मिळतो. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळांतून आत जाताना एकमेकांशी झगडतात आणि पालाश जास्त झाला की बाकीचे दोघे मागे पडतात. कोकोपीटमध्ये काथ्याचा पालाश आधीच असतो, गांडूळखतातही असतो. चुलीची राख घालत असाल तर तीही थांबवा. शेंगदाण्याची पेंड कुजवून वारंवार देणंही नको. तिच्यातून अमोनिया रूपात नत्र सुटतं आणि तेही कॅल्शियमच्या आड येतं.

आता दोन्ही लक्षणं वेगळी करून बघा: पिवळी पानं मॅग्नेशियमची, काळं बूड कॅल्शियमचं. मॅग्नेशियम पानाच्या हिरव्या रंगाचा गाभा आहे आणि झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं. म्हणून कमतरता खालच्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. तसाच पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर तो बहुतेक लोहाचा प्रश्न असतो. पानावर गोल वलयांचे तपकिरी ठिपके असतील तर तो करपा. ती पानं काढून टाका.

कॅल्शियमचं उलट. ते एकदा पानात बसलं की हलत नाही. पाण्याबरोबर वर चढतं आणि ज्या पानातून जास्त बाष्प उडतं तिकडे जातं. फळातून बाष्प फारसं उडत नाही, त्यामुळे फळाच्या वाट्याला ते कमी येतं, आणि देठापासून सगळ्यात लांबचं टोक, म्हणजे फळाचं बूड, आधी मरतं. कुंडी दुपारी कोरडी ठक्क आणि संध्याकाळी चिखल अशी होत असेल, तर मातीत कितीही कॅल्शियम असो, फळापर्यंत पोचत नाही. टोमॅटोला किमान १२ इंची कुंडी हवी. वर नारळाच्या शेंड्या किंवा सुक्या पानांचं आच्छादन घाला आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी द्या. सांगायला साधं वाटतं, पण बूड काळं पडण्यावर याच्याइतका गुण दुसऱ्या कशानेच येत नाही. डागाळलेली फळं तोडा. ती सुधारत नाहीत. नवीन फळं गोटीएवढी असतानाच सगळं ठरतं, त्यामुळे फरक पुढच्या घोसात दिसेल.

तरीही तुमच्या कुंडीत कॅल्शियम खरोखर कमी असण्याची शक्यता मोठी आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांचं पावसाचं पाणी येतं. ते मऊ असतं, त्यात चुना फारसा नसतो. आणि कोकोपीट असलेलं कॅल्शियमही स्वतःकडे धरून ठेवतं.

टरफलांचा गुण का आला नाही? ती जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि ते आम्लाशिवाय विरघळत नाही. कुंडीत त्याला महिनोन्‌महिने लागतात. ती वापरायचीच असतील तर टरफलं धुऊन तव्यावर भाजा, भरड करा आणि काचेच्या बरणीत दहापट व्हिनेगरमध्ये घाला. वायू सुटतो, म्हणून झाकण सैल ठेवा. काही दिवसांनी बुडबुडे थांबले आणि तळाशी थोडी टरफलं उरली, की आम्ल संपलं असं समजा. हे गाळून १ लिटर पाण्यात १ छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, मिसळा आणि आठवड्यातून एकदा मुळाशी द्या.

माझी पहिली पसंती मात्र जिप्समला, म्हणजे कॅल्शियम सल्फेटला, आहे. ते खनिज आहे, सेंद्रिय शेतीत चालतं, हळूहळू विरघळतं आणि मातीचा सामू (pH) वाढवत नाही. १२ इंची कुंडीला १ मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम, वरच्या थरात मिसळून पाणी द्या. खायचा चुना घालायचा मोह होईल, पण तो फार तीव्र असतो; कुंडीएवढ्या थोड्या मातीत मुळांना इजा होते.

मॅग्नेशियमसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, घ्या. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, १० दिवसांनी पुन्हा एकदा. हे सेंद्रिय आहे का, यावर वाद होतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीत कमतरता असल्याची नोंद असेल तर याला मुभा आहे, आणि मला ते पटतं. पिवळं पडलेलं जुनं पान पूर्ण हिरवं होईलच असं नाही, नवी पानं बघत राहा. पण काळं बूड बरं करायला एप्सम देऊ नका. मॅग्नेशियम वाढलं की कॅल्शियम आणखी अडतं. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि त्याने नुकसान होतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: कोकणातल्या तांबड्या आंबट मातीत डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड) चालेल, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात. घाटावरच्या काळ्या मातीत ते घालू नका. मातीवर थोडं व्हिनेगर टाका; फसफसली तर चुनखडी भरपूर आहे, आणि तिथे बूड काळं पडलं तर पाण्याच्या वेळा सुधाराव्या लागतील.

पुढच्या वेळी कोकोपीटची वीट भिजवताना १० लिटर पाण्यात २० ग्रॅम जिप्सम ढवळून रात्रभर ठेवा, पाणी निथळू द्या, मग साध्या पाण्याने एकदा धुवा. गांडूळखत निम्म्यावरून चौथाईवर आणा आणि उरलेल्या जागी बागेची माती भरा.