बस होई आनची, पण होई आनला जाते का?

व्हिएतनामच्या किनाऱ्याकडे विमान टाळून, बस-रेल्वेने आणि खिसा सांभाळत निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली काही निवडून उत्तरं देतो.

प्रश्न : हनोईहून होई आनची स्लीपर बस घेतली. पहाटे चारला क्लीनरने हलवून उठवलं, बॅगा रस्त्याकडेला ठेवल्या आणि बस निघून गेली. गाव तिथून दहा किलोमीटर! ही सरळसरळ फसवणूक नाही का?

राग समजतो, पण दोष अर्धा नकाशाचा आहे. हनोई ते सायगॉन (म्हणजे हो चि मिन्ह सिटी) धावणाऱ्या बस राष्ट्रीय महामार्ग 1 धरून जातात आणि होई आन त्या रस्त्यावर नाही, समुद्राच्या बाजूला आत आहे. त्यामुळे थेट सायगॉनला निघालेल्या बसच्या लेखी तुम्ही ‘वाटेतले प्रवासी’. दोघांसाठी ती आत वळत नाही. विन्ह दियेनच्या फाट्यावर उतरवते आणि तिकीट विकणारा एजंट त्या वेळी गाढ झोपलेला असतो. दक्षिणेकडच्या मुई ने या किनाऱ्यावरच्या गावाचंही तेच. बस फान थिएतला सोडते आणि पुढचे वीसेक किलोमीटर तुमचे तुम्ही.

तिकीट घेताना भाड्यावर घासाघीस करण्यापेक्षा हे विचारा : बस शेवटी कुठे जाते? मला उतरवणार कुठे, कंपनीच्या ऑफिसपाशी, ‘बेन से’वर म्हणजे बस स्टँडवर, की नुसतं रस्त्यावर? तिथून हॉटेलपर्यंत कंपनीची शटल आहे का? उत्तर तिकिटावरच लिहून घ्या. एजंट लिहायला कां-कू करू लागला की काय ते समजायचं.

मला विचाराल तर हनोईहून रेल्वेच बरी. होई आनला स्टेशन नाही, दा नांगला उतरायचं. 791 किलोमीटरचा प्रवास आहे, एक रात्र आणि वर थोडा दिवस. भाडं बसपेक्षा जास्त, पण स्टेशन ऐन शहरात आहे आणि गाडी दिवसाउजेडी पोचेल अशी निवडता येते. पुढचे तीस किलोमीटर मग कटकटीचे वाटत नाहीत.

आणि उतरवलंच हायवेवर, तर पंपाच्या किंवा चहाच्या टपरीच्या उजेडात थांबा आणि ग्रॅब या टॅक्सी ॲपवर गाडी मिळते का पाहा. मोटरसायकलवाला जवळ येईलच. त्याला आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर शून्यांसकट टाइप करायला सांगा. तिथे बोलताना ‘हजार’ गिळतात, ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार डाँग. हा घोळ मागे बसल्यावर निस्तरण्यापेक्षा बसण्याआधी निस्तरलेला बरा.

प्रश्न : रात्री टॅक्सीवाल्याला 20,000 ची नोट समजून 500,000 ची दिली. आता ओळखायची कशी?

दोन्ही निळसर आणि दोन्हींवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. अंधारात चांगले चांगले फसतात आणि फटका सोळा-सतराशे रुपयांचा बसतो. नोट उलटी करा. 20,000 च्या पाठीवर होई आनचा छपराचा जपानी पूल आहे, 500,000 च्या पाठीवर हो चि मिन्ह यांचं जन्मघर. शिवाय पाच लाखाची नोट आकाराने मोठी असते. 10,000 आणि 200,000 चाही असाच गोंधळ होतो, दोन्ही तांबूस छटेच्या. लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि टॅक्सीत बसण्याआधीच सुटे हातात काढून ठेवा.

प्रश्न : नोम पेन्हहून सायगॉनला येताना बसमधल्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. मी द्यायला नकार दिला, तर तो चिडला. माझं चुकलं का?

चुकलं नाही, पण गरजही नव्हती. कंबोडिया-व्हिएतनाम सीमेवरच्या बावेत–मोक बायच्या नाक्यावर ही रोजची पद्धत आहे. गठ्ठा एकदम दिला की रांग लवकर सरकते. लक्ष द्यायचं ते पासपोर्ट परत हातात आल्यावर. बसमध्ये चढण्याआधी पानं उलटून दोन शिक्के बघा, कंबोडियातून बाहेर पडल्याचा आणि व्हिएतनाममध्ये शिरल्याचा. तारखाही वाचा. शिक्का राहिला असेल तर तिथल्या तिथे पाच मिनिटांचं काम आहे. तो नसल्याचं हॉटेलच्या काउंटरवर लक्षात आलं, की सगळी सुट्टी त्यात जाते. ‘शिक्क्याचे’ म्हणून कुणी डॉलर मागितले तर पावती मागा, मागणी बहुतेक वेळा विरून जाते.

खरी गडबड याच्याही आधी, ई-व्हिसाच्या अर्जात होते. त्यात प्रवेशाचं ठिकाण निवडावं लागतं. सवयीने विमानतळ टाकून लोक बसने नाक्यावर हजर होतात. कंबोडियातून या रस्त्याने येणार असाल तर मोक बाय निवडा. लाओसमधून सावन्नाखेतकडून येणार असाल तर लाओ बाओ. व्हिसाच्या पहिल्या तारखेआधी आत घेत नाहीत, एक दिवस आधीसुद्धा नाही. आणि छापील प्रत सोबत हवी. मोबाइलची बॅटरी नेमकी नाक्यावरच दगा देते.

प्रश्न : ह्युए ते दा नांग हाय व्हान घाटातून स्कूटरने जायचंय. भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय. पुरेल ना?

नाही. भाड्याने देणारा तुमच्याकडे परवाना मागणारही नाही, त्यामुळे सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. पण आपल्याकडे मिळणारा परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराखालचा आहे आणि व्हिएतनाम मानतो तो 1968 च्या व्हिएन्ना कराराखालचा. दंड एक वेळ परवडेल. अपघात झाला आणि विमा कंपनीने ‘वैध परवाना नव्हता’ म्हणून हात वर केले, तर हॉस्पिटलचं बिल तुमच्या गळ्यात. त्यातून तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, घाटात ट्रक आणि वळणावर धुकं. मी जाऊ नका असंच सांगेन.

घाट बघायचाच असेल तर मागे बसून जा. चालकासह मोटरसायकल सहज मिळते, बॅग वेगळी पुढे पाठवता येते. त्याहून स्वस्त म्हणजे ह्युए–दा नांग रेल्वे, तीनेक तासांची. रूळ घाटाच्या पायथ्याने समुद्राला अगदी खेटून जातात. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी धरा. इतक्या कमी पैशांत असा समुद्र दुसरीकडे क्वचितच दिसतो.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत होई आनला गेलो आणि गल्ल्यांतून गुडघाभर पाणी! पाऊस तर संपलेला असतो ना?

आपला संपलेला असतो, त्यांचा नाही. मध्य व्हिएतनामला खरा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर पडतो. ईशान्येकडून समुद्रावरून आलेला दमट वारा त्रुओंग सोन डोंगररांगेवर आदळतो, वर वादळंही याच दिवसांत येतात. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ह्युए आणि होई आन दोन्ही पुरात होते. आपण दिवाळीला ‘पाऊस गेला’ म्हणून निघतो आणि नेमके त्यांच्या ऐन पावसात जाऊन पडतो.

सुट्टी मे-जूनची असेल तर दा नांग, होई आन उत्तम. ऊन कडक असतं, पण रस्ते आणि रूळ कोरडे. नोव्हेंबरनंतरची असेल तर दक्षिणेला मुई ने धरा, तो पट्टा देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी आहे. न्या ट्रांगला मात्र नोव्हेंबरातही पाऊस झोडपतो. ऑक्टोबरातच जाणं भाग असेल, तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि हॉटेल वरच्या मजल्यावरचं घ्या.

प्रश्न : उंची सहा फूट. स्लीपर बसमध्ये पाय कुठे ठेवायचे?

पाय दुमडूनच जायचंय. त्या बर्थमध्ये पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात घालायचे असतात आणि खोकं तुमच्या मापाचं नसतं. खालचा, मधल्या भागातला बर्थ मागा. वरचा वळणावर हलतो. सगळ्यात मागची सलग रांग तर फुकट दिली तरी घेऊ नका. चढताना बूट काढून पिशवीत घालायला सांगतात. पिशवी जवळच ठेवा, म्हणजे पहाटे अचानक उतरावं लागलं तर अनवाणी शोधाशोध करावी लागणार नाही.