इंग्रजी वाक्यातली चूक पटकन कशी ओळखायची? मी मराठी माध्यमाचा, बँकेच्या परीक्षेत याच प्रश्नांत मार्क जातात.

मीही मराठी माध्यमाचाच. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते 2000 साली आलं. बारावीनंतर क्लास लावला, तिथे सरांनी स्वतःबद्दल एक वाक्य फळ्यावर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स एट इयर्स.’ सर हसले, मग अख्खा वर्ग हसला. "कानाला खटकत नाही का रे? आधी मराठीत विचार करणं सोड." चूक कुठे आहे हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

खटकणार कसं? मराठीत ‘आठ वर्षांपासून शिकतोय’ आणि ‘पाचवीपासून शिकतोय’, दोन्हीकडे ‘पासून’च आणि क्रियापदही तेच. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, आणि दोन्हीकडे क्रियापद ‘हॅव बीन लर्निंग’. माझ्या दोन्ही चुका थेट मराठीतून आल्या होत्या. हे मला दोन वर्षांनी कळलं, खोलीवर वहीत दोन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहिली तेव्हा.

म्हणून मी उलट सांगतो, मराठीत विचार कराच. ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी’ घ्या. क्रियापदाला चिकटून ‘मँगोज’ आहे म्हणून ‘आर’ खपून जातं. मराठीत ‘आंब्यांची पेटी जड आहेत’ कोणी म्हणेल का? आपल्याकडे ‘आंब्यांची’ आधी येतं, कर्ता ‘पेटी’ क्रियापदाजवळ राहतो, चूक लगेच दिसते. ‘डिस्कस अबाउट’ची गोष्ट वेगळी. तिथे आपलं ‘विषयी चर्चा’ आडवं येतं, इंग्रजीत ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही.

चुकलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवा, खाली त्याचं मराठी लिहा. मराठीनं कुठे फसवलं आणि कुठे वाचवलं, ते महिनाभरात दिसायला लागेल. नियमांच्या याद्या पाठ करून माझं तरी काही सुधारलं नव्हतं.

लहानपणापासून इंग्रजी वाचलेल्यांचा कान खरंच चालतो, त्यांना हे नको. आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे तिथे ही वही कामाची नाही. त्यासाठी रोज इंग्रजी वाचावंच लागेल.