पैसा त्याचा, मग गाणं कोणाचं?

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यातला, अहिराणीत गाणी लिहितो, चालही मीच लावतो. भाव वाढेल म्हणून घरात कापूस पडून आहे, अर्धी खोली भरलीय, वडील रात्री उठून तिथंच जाऊन बसतात, त्यावर गाणं केलंय. एक स्टुडिओवाला रेकॉर्डिंग, व्हिडिओ सगळा खर्च करायला तयार आहे पण म्हणतो, "हाई गानं हळदमा वाजाव नही" (हे गाणं हळदीत वाजणार नाही), डीजे बीट टाकू आणि वडिलांचं कडवं काढून नवरीवर काहीतरी लिही. काय करू?

उत्तर : बीट टाकू दे भाऊ, कडवं काढू देऊ नको. ठेका बदलला म्हणून गाणं मरत नाही, आपल्याकडच्या कितीतरी चाली जात्यावरून, झोक्यावरून बँडवर गेल्या आणि बँडवरून डीजेवर आल्याच ना, आणि हळदीत नाचणाऱ्या पोरांच्या घरी पण कापूस पडलेलाच असतो, त्यांनी नाचता नाचता ते ऐकलं तर चांगलंच आहे की. पण रात्री कापसाजवळ बसलेला बाप हे तू पाहिलंयस, दुसऱ्या कोणी नाही. तेच काढलं तर उरलेलं गाणं कोणीही लिहून देईल, मग त्या माणसाला तुझी गरज तरी कशाला? त्याला हे असंच समोर बसून सांग. नवरीचं गाणं हवं असेल तर वेगळं लिहून दे, त्यात कमीपणा काही नाही, कापसाचं मात्र अख्खं राहू दे.

आणि सही करायच्या आधी कागद नीट वाच. कलाकाराने असलं बघू नये असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण मोकळेपणाने लिहिलेलं गाणं एका सहीत हातचं जातं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कागदावर "कायमचे सर्व हक्क" दिसलं की तिथंच थांब आणि मुदत घालून माग. हक्क देऊन टाकले तरी गाण्यावर तुझं नाव असण्याचा आणि तुझ्या नावाला बट्टा लागेल अशी कोणी मोडतोड केली तर हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुझ्याकडेच राहतो. २०१२ला दुरुस्ती झाली त्यात गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा आहे, तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सोडून दुसऱ्या कोणाला लिहून देताच येत नाही. तू शब्द पण लिहितोस आणि चाल पण लावतोस, तर दोन्हीकडे तुझं नाव टाकायला लाव.

प्रश्न : मी चोपड्याची, शाळेत शिकवते. सासरच्या दिवसांवर कविता लिहिल्यात, आपल्या बोलीत. घरचे म्हणतात घरातलं चव्हाट्यावर कशाला.

उत्तर : ताई, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून काय गातात ते आठवा. सासू, नणंद, सासरचा जाच, सगळं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं गातात आणि कोणी त्यांना गप्प बसवत नाही. म्हणजे हे बोलायची मुभा आपल्या बायांनी कधीचीच घेतलेली आहे. फरक एवढाच की झोक्यावरच्या गाण्याखाली कोणाचं नाव नसतं, तुमच्या कवितेखाली तुमचं असणार, आणि घरच्यांना भीती त्या नावाचीच आहे. बहिणाबाई शेतात, जात्यावर गात राहिल्या, त्यांना लिहिता येत नव्हतं, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकाने ते टिपून ठेवलं, १९५१ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ला, तेही त्यांच्याच बोलीत (ती लेवा बोली, अहिराणी नाही, लोक नेहमी गल्लत करतात). छापलं तर कोण काय म्हणेल हा विचार गाताना त्यांच्या डोक्यात असायचं कारणच नव्हतं. तुम्हीही लिहिताना तो बाजूला ठेवा, पूर्ण लिहा, छापायचं काय ते नंतर ठरवा. ठरवताना माझा एकच नियम, तुमच्यावर जे गुजरलं ते तुमचं, बिनधास्त छापा, पण दुसऱ्याचं आजारपण, कर्ज, लपवलेली गोष्ट असेल तर ती त्या माणसाला विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : भुसावळला गाणं शिकतो. गुरुजी कधीचे भूप रागच घोटून घेतायत, स्वतःचं काही घ्यायला गेलं की थांबवतात. कोंडल्यासारखं होतं.

उत्तर : भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध. देशकार रागातही नेमके तेच पाच. तरी भूप गंधारावर (ग) उभा आणि रात्रीचा, देशकार धैवतावर (ध) आणि सकाळचा, जाणकाराला दोन ओळींत कळतं कुठला चाललाय. एकही स्वर न वाढवता दोन वेगळे राग निघतात ते कुठं थांबायचं, कुठून उतरायचं यावर, आणि तुझं स्वतःचं जे काही असेल ते पण तिथूनच निघणार. पण तू फक्त ऐकतच राहावं असंही मी म्हणणार नाही, प्रत्येक वेळी थांबवलं की कुठं चुकलं हे विचारायचा तुला हक्क आहे. आणि गुरुजींना सांग, आता देशकार पण शिकवा.