‘सोलारिस’ बघताना झोप आली. विज्ञानपटांची गोडी कशी लावून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मित्राने फार वाखाणला म्हणून रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) लावलात, अर्धा तास झाला तरी अंतराळ काही दिसेना, शेवटी बंद केलात. आणि रबरी राक्षसांचे स्वस्तातले सिनेमेही लोक डोक्यावर का घेतात, असंही विचारलंय. मला हे दोन्ही प्रकार मनापासून आवडतात आणि त्यामागचं कारणही एकच आहे, म्हणून एकत्रच सांगते.

आधी तुमचा तो अर्धा तास. सिनेमा सुरू होतो ओढ्याच्या पाण्यात डोलणाऱ्या गवताने. केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ निघण्याआधी वडिलांच्या घराभोवती फिरतोय. एकदम पाऊस येतो. तो आत पळत नाही, भिजत बसतो, आणि टेबलावर राहिलेल्या चहाच्या कपात थेंब पडत राहतात. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. पहिल्यांदा पाहताना मीही घड्याळाकडे बघत होते.

मग तो सोलारिस ग्रहाभोवतीच्या स्थानकावर पोहोचतो. खाली नुसता समुद्र. तिथला शास्त्रज्ञ स्नाउत त्याला सांगतो, रात्री हवेच्या झडपेला कागदाच्या पट्ट्या लाव, पानं सळसळल्यासारखा आवाज येतो. ही युक्ती त्यांच्या मेलेल्या सहकाऱ्याची. तिसरा शास्त्रज्ञ सार्टोरियस या दोघांना नावं ठेवतो, पण त्यानेही तशाच पट्ट्या कपाटात लपवून ठेवल्यात. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पाऊस उभा राहिला, ते गवत उभं राहिलं. दिग्दर्शकाने अर्धा तास खर्चून सगळी पृथ्वी माझ्या पदरात घातली होती. आता तिच्यातलं उरलं होतं ते एवढंच, कागदाच्या चार पट्ट्या.

त्या समुद्राला म्हणे माणसाच्या आठवणी वाचता येतात. तो केल्विनची दहा वर्षांपूर्वी गेलेली बायको त्याच्यासमोर जिवंत उभी करतो. तिच्या पोशाखाच्या पाठीवरच्या नाड्या मात्र नुसत्या दिसण्यापुरत्या असतात, त्या सुटतच नाहीत, कात्रीने कापाव्या लागतात. मला वाटतं, केल्विनच्या आठवणीत ती कशी दिसायची एवढंच राहिलं असावं, नाड्या कशा सुटायच्या हे तो विसरला असावा. एका कात्रीत किती सांगून टाकलंय!

विज्ञानपट बघताना मी हेच शोधत असते. हाताशी असलेल्या साध्यासुध्या वस्तूतून या लोकांनी दुसरं जग कसं उभं केलं? याच सिनेमात भविष्यातलं शहर दाखवायचं होतं, तर तारकोव्स्कीने टोकियोचे बोगदे आणि उड्डाणपूल चित्रित करून आणले. सेट उभारलाच नाही.

आता तुमचे रबरी राक्षस. जॉन कार्पेंटरचा ‘डार्क स्टार’ (१९७४) हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून वाढलेला सिनेमा. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनारी खेळायचा फुगवलेला बॉल, त्याला रंग दिलाय आणि खाली पंजे लावलेत. तो बॉल आहे हे तुम्हाला पहिल्या क्षणालाच कळतं. तरी तो यानात पळायला लागला की पुढच्या दोन मिनिटांत तुम्ही त्याला ‘तो’ म्हणायला लागता. सहलेखक डॅन ओबॅननने पुढे ‘एलियन’ (१९७९) लिहिला. यानात मोकाट सुटलेला प्राणी तिथेही आहे, पण तिथे अंगावर काटा येतो.

‘डार्क स्टार’मधला माझा लाडका प्रसंग वेगळाच. एक बोलणारा बॉम्ब यानालाच अडकून बसलाय आणि फुटायच्या बेतात आहे. यानाचा प्रमुख बाहेर जाऊन त्याच्याशी वाद घालतो: तुला बाहेरचं जग कळतं ते इंद्रियांवाटे, मग स्फोटाचा हुकूम तुला खरंच मिळाला होता हे कशावरून? दोरी आणि सापाचा दृष्टांत ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही चर्चा अगदी घरातली वाटते. अन् बॉम्ब चक्क विचारात पडतो. इतक्या तुटपुंज्या पैशांत ज्ञानमीमांसा!

‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ लोक हसायला म्हणून लावतात. मला ते जमत नाही. त्यातला नट बेला लुगोसी, ड्रॅक्युलाच्या भूमिकेने गाजलेला, १९५६ मध्ये वारला. दिग्दर्शक एड वुडकडे त्याचं जरासं चित्रीकरण होतं, ते त्याने सिनेमात घेतलं, आणि उरलेल्या प्रसंगांत दुसऱ्याच माणसाला झग्याने तोंड झाकून उभं केलं. सिनेमा वाईट आहे, ते मान्य. पण त्या झाकलेल्या तोंडाकडे मला हसून बघवत नाही.

तुम्ही सुरुवात करावी ती क्रिस मार्करच्या ‘ला जेते’ने (१९६२). अठ्ठावीस मिनिटांचा आहे, जेवण झाल्यावर बघून होईल. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसखालच्या भुयारांत एक कैदी आहे. लहानपणी विमानतळावर पाहिलेला एका बाईचा चेहरा त्याच्या मनात पक्का बसलाय, आणि त्याच आठवणीचा धागा धरून त्याला भूतकाळात पाठवतात. सगळा सिनेमा स्थिर छायाचित्रांचा, वर निवेदकाचा आवाज. मध्येच ती बाई झोपलेली दिसते. एक फोटो, दुसरा, तिसरा. ते एकमेकांत विरघळायला लागतात, पाखरांचा कलकलाट वाढत जातो, आणि ती डोळे उघडते. खरोखर उघडते. पापण्या लवतात. संपूर्ण सिनेमात हलणारं चित्र तेवढंच. आधीच्या स्थिर फोटोंनी तुम्हाला असं तयार केलेलं असतं की पापणी हलणं हाच चमत्कार वाटतो. कुठल्याही मोठ्या यानाच्या उड्डाणाने मला इतकं हलवलेलं नाही.

त्यानंतर ‘डार्क स्टार’ बघा, आणि तो झाल्यावर आठवडाभराने ‘सोलारिस’ परत लावा. रात्री नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. चहाच्या कपात पाऊस पडायला लागला की कपाकडेच बघत राहा. स्नाउत पट्ट्यांचं सांगतो तिथपर्यंत पोचलात की मला नक्की कळवा.