जळगावात वर्षभर सांस्कृतिक महोत्सव घेतला, तर वर्ष संपल्यावर शहराकडे काय उरतं?

जागा उरतात आणि त्या चालवायला शिकलेली माणसं उरतात. गर्दी मात्र ओसरते. स्कॉटलंडमधलं ग्लासगो १९९० मध्ये युरोपची सांस्कृतिक नगरी होती; हा मान एखाद्या शहराला वर्षभरासाठी मिळतो. त्या वर्षी उघडलेला रॉयल कॉन्सर्ट हॉल अजून चालू आहे, पण मला जास्त मोलाची वाटते ती 'ट्रामवे'. ट्रामगाड्यांची जुनी शेड. १९८८ मध्ये पीटर ब्रुक यांनी तिथे महाभारताचा प्रयोग केला (हो, आपलंच महाभारत!), १९९० मध्ये ती शेड महोत्सवाचं मोठं केंद्र झाली. आज तिथे नाटकं, प्रदर्शनं होतात आणि फरशीत जुने रूळ दिसतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला हाच मान २००८ मध्ये मिळाला; त्याने तर त्या वर्षाचे परिणाम दोन विद्यापीठांकडून २००५ ते २०१० असे तपासून घेतले.

एक मात्र खरं: कामगार वस्त्यांच्या पदरात काय पडलं, यावरून ग्लासगोत तेव्हाच कडाडून टीका झाली होती. आणि मागे उरलेलं टिकवायला सांभाळणारी संस्था लागते: इतिहासकार वि. का. राजवाडे गेल्यावर धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, म्हणून त्यांनी जमवलेल्या जुन्या कागदपत्रांची दप्तरं टिकली. जळगावात अहिराणीचे कार्यक्रम ठेवणार असाल, तर ध्वनिमुद्रणं कोण सांभाळणार आणि पुढच्या दहा वर्षांचा देखभालीचा पैसा कुठून येणार, हे उद्घाटनाआधीच लेखी ठरवून घ्या.